दहा महिने वापरलेला व्हिडिओ डोअर फोन आणि दारावर येणारे प्रचारक

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराला व्हिडिओ डोअर फोन बसवून आता दहा महिने झाले. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई असतात; मी बँकेत आणि माझे यजमान चिंचोळी एमआयडीसीत, त्यामुळे सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत त्या एकट्याच असतात. गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीत ‘सोने उजळून देतो’ म्हणत आलेल्या दोघांनी एका आजींच्या हातातल्या पाटल्या नेल्या आणि त्याच आठवड्यात आम्ही हे यंत्र घेतले. बसवण्याच्या मजुरीसह दहा हजार रुपये खर्च आला. घेताना मनात फक्त चोरांचा विचार होता. पण या दहा महिन्यांत यंत्राची खरी परीक्षा चोरांनी नव्हे, तर देवाधर्माचे काही सांगायला दारावर येणाऱ्या माणसांनी घेतली. म्हणून हा अभिप्राय त्या अंगानेच लिहीत आहे.

आधी यंत्राविषयी. बाहेर बेलचे बटण, कॅमेरा, माइक आणि स्पीकर असलेली हाताच्या पंजाएवढी पेटी, आत सात इंची स्क्रीन आणि दोन्हींना जोडणारी चार तारांची केबल, अशी त्याची साधी रचना आहे. घरच्या वायफायला जोडले की बेल वाजताच मोबाइलवरही चित्र दिसते आणि बँकेत बसूनसुद्धा दारातल्या माणसाशी बोलता येते. कॅमेऱ्याची नजर रुंद आहे. फाटकापासून तुळशी वृंदावनापर्यंत सगळे अंगण त्यात येते. रात्री चित्र काळे-पांढरे होते, पण चेहरा ओळखू येतो. आमचे दार पश्चिमेकडे आहे आणि दुपारी चारनंतर ऊन थेट भिंगावर येते, तेव्हा मात्र समोरचा चेहरा पूर्ण काळवंडतो. वायरमनने पेटीवर पत्र्याची छोटी पडवी करून दिली, त्याने निम्मा त्रास कमी झाला. ज्यांचे दार पश्चिमेला आहे त्यांनी ही पडवी पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

आवाज स्वच्छ आहे, पण मोबाइलवरून बोलताना तो बाहेर दोन-तीन सेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे दोन्हीकडची माणसे एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात. याला उपाय म्हणून कंपनीने एक सोय दिली आहे. आपल्याच आवाजात एक निरोप भरून ठेवायचा आणि बेल वाजली की बोट लावून तो बाहेर ऐकवायचा. हवे असल्यास कोणी हात न लावताही तो आपोआप वाजेल असे ठरवता येते. दुकानदाराने ही सोय फार कौतुकाने दाखवली होती. ‘ताई, विक्रेते आणि प्रचारवाले याच्यासाठीच बरे पडते,’ असे तो म्हणाला. मी निरोप भरला : ‘आत्ता घरी कोणी नाही, नंतर या.’

मे महिन्यातल्या एका रविवारी हा निरोप मी पहिल्यांदा वापरला. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि नळाला पाणी आले की घरातल्या सगळ्यांचे हात बांधलेले असतात. नेमके तेव्हा, सकाळी अकराच्या सुमारास, बेल वाजली. स्क्रीनवर दोन बायका दिसल्या. एक पन्नाशीची, एक विशीतली. दोघींच्या खांद्याला कापडी पिशव्या, एकीच्या हातात मिटलेली छत्री. महिन्या-दोन महिन्यांतून येऊन प्रभू येशूची पत्रके देणाऱ्या याच, हे मी ओळखले आणि बटणाला बोट लावले. बाहेर माझाच आवाज उमटला.

त्या लगेच निघाल्या नाहीत आणि मीही स्क्रीनसमोरून हलले नाही. मोठ्या बाईने पदराने कपाळ आणि मान पुसली. धाकटीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, उलटी करून पाहिली, ती रिकामी होती, तशीच परत ठेवली. अंगणात आमच्या मोटरचा आवाज येत होता, टाकी भरून पाणी वाहत होते. घरी कोणी नाही हे खोटे आहे, हे त्यांना त्या आवाजावरूनच कळले असणार. मोठीने कॅमेऱ्याकडे पाहून हात जोडले. मग दोघी फाटकाबाहेर गेल्या आणि धाकटीने वळून, फाटकाच्या गजांतून हात घालून, आतली कडी नीट लावली. आमच्या गल्लीत मोकाट गायी फिरतात आणि फाटक उघडे राहिले की कुंड्यांतली रोपे उरत नाहीत. आमची नातेवाईक मंडळीसुद्धा ही कडी लावायला विसरतात. टाकीतून पाणी वाहून जात असताना, तहानलेल्या माणसाला ‘घरी कोणी नाही’ असे मी यंत्राकडून सांगितले होते. त्या दिवशी माझे जेवणात लक्ष लागले नाही.

तरीही निरोप मी काढला नाही. सोय अंगवळणी पडते तशी ती पडली होती, आणि सासूबाईंना उठावे लागू नये म्हणून मी तो आपोआप वाजेल असाही ठरवून ठेवला होता. श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या घरी वर्षानुवर्षे येणारे जंगम स्वामी भिक्षेला आले. आम्ही लिंगायत, जंगम दारात आले तर त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही या घरची जुनी रीत आहे. सासूबाईंनी सुपात तांदूळ काढून ठेवले होते. त्या काठी घेऊन देवघरातून दारापर्यंत पोहोचेपर्यंत यंत्राने स्वामींना ‘आत्ता घरी कोणी नाही’ असे सांगून टाकले होते आणि ते पुढच्या घरी गेले होते. संध्याकाळी मी परतले तेव्हा सुपातले तांदूळ तसेच होते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘सूनबाई, माझं घर मी घरात असताना रिकामं कसं झालं?’ त्याच रात्री मी तो निरोप पुसून टाकला.

जंगम आणि प्रचारक यांना मी एका मापाने मोजत नाही. जंगम स्वामी आमच्या श्रद्धेतलेच आहेत. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव किंवा डोक्यावर यल्लम्माचा जग (देवीची टोपली) घेऊन जोगवा मागणारी जोगतीण पसाभर धान्य मागते आणि आशीर्वाद देऊन जाते. आपला देव सोडा असे त्यांपैकी कोणी सांगत नाही. प्रचारक मात्र माझ्या मनात बदल व्हावा म्हणूनच येतो आणि म्हणून त्याला नकार द्यावा लागतो. पण नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, हे त्याच्या धर्मावरून ठरू नये. उंबऱ्यापाशी उभे राहिलेले माणूस आहे, तर उत्तरही माणसाने द्यावे, असे मला या यंत्राने उलट्या बाजूने शिकवले.

आमच्या गल्लीत पत्रके देणाऱ्या या बायकांना मिळणारी उत्तरे मी आता दहा महिने कॅमेऱ्यातून आणि ओट्यावरून पाहत आले आहे. बहुतेक घरांत लहान मुलाला पुढे करून ‘आई घरी नाही म्हण’ असे सांगितले जाते; आपण मुलाला त्याच्या आयुष्यातले पहिले खोटे शिकवतो आहोत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. समोरच्या तेलुगू काकूंनी एकदा ‘मराठी रादु’ (मराठी येत नाही) म्हणून त्यांना परत पाठवले, तर पुढच्या खेपेला त्या तेलुगू बोलणाऱ्या बाईंना आणि तेलुगू पत्रकांना घेऊनच आल्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच चौकात ऐकू येणाऱ्या या शहरात भाषेची सबब फार काळ पुरत नाही. कोपऱ्यावरचे एक निवृत्त गुरुजी त्यांना ओट्यावर बसवून गीतेतले श्लोक ऐकवतात, त्या वचने वाचून दाखवतात, तासभर दोन्ही बाजूंनी आवाज चढत नाही आणि शेवटी कोणी कोणाचे मानत नाही. मला ही रीत मनापासून आवडते, पण इतका वेळ आणि इतका अभ्यास सगळ्यांकडे नसतो. पलीकडच्या गल्लीत मात्र काही मुलांनी एकदा त्यांना अडवले, पिशव्या उलट्या करायला लावल्या आणि मोबाइलवर त्याचे चित्रण केले. धर्माचे रक्षण म्हणून केलेले हे कृत्य मला लाजिरवाणे वाटले आणि ते मी त्या मुलांच्या आयांना घरी जाऊन सांगितले.

लोक इतके बिथरतात त्यामागे भीती असते आणि ती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने बायबलमधला नवा करार वाचायला दिला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले. त्यानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर, परक्या दारी दिवस काढावे लागले. एका पुस्तकाने घर दुभंगू शकते, हे मराठी माणसाला त्या घराने दाखवले. आणि तेच घर पुढे पुन्हा सांधले गेले, हेही दाखवले. टिळकांनी स्वतः वाचून, झगडून निर्णय घेतला होता. पत्रक हातात पडल्याने कोणाचा धर्म आपोआप बदलत नाही.

कायद्याविषयी गल्लीत बरेच उलटसुलट बोलले जाते. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्याला समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे त्यांना सांगण्याची मुभा आहे, तशी मला न ऐकण्याचीही आहे. आमिष किंवा धाक दिसला तर पोलिसांकडे जावे. एरवी एका स्पष्ट वाक्याने काम होते.

ते वाक्य मी दिवाळीनंतर वापरले. बेल वाजली, स्क्रीनवर त्याच दोघी दिसल्या. जाळीचे दार बंदच ठेवून मी आतले लाकडी दार उघडले, आधी पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र जाळीच्या खिडकीतून दिले आणि म्हणाले, ‘मावशी, आम्ही आमच्या देवापाशी समाधानी आहोत. पत्रक नको आणि यासाठी पुन्हा येऊ नका. पाणी प्या, मग निघा.’ त्यांनी वाद घातला नाही. धाकटीने वहीत आमच्या घराच्या क्रमांकापुढे काहीतरी लिहिले. मोठी म्हणाली, ‘असं कुणी तोंडावर सांगितलं की बरं पडतं ओ, ताई. नाहीतर आम्ही उन्हातानाचं परत परत येतो.’ या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत आणि गेल्या तीन महिन्यांत त्या आमच्या फाटकात आलेल्या नाहीत. ‘घरी कोणी नाही, नंतर या’ या निरोपाने त्या दर खेपेला पुन्हा येत होत्या. आणि विचार केला तर त्यात त्यांची काय चूक, आम्हीच तर त्यांना नंतर यायला सांगत होतो.

दारोदार जाण्यासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, घरोघरी जाणे थांबवले होते. अडीच वर्षे ते पत्रे आणि फोन यांवर काम करत होते आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पुन्हा दारावर जाऊ लागले. समोरासमोर बोलण्याला किती वजन असते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. नकार देणाऱ्यानेही ते वजन वापरावे.

आता पुन्हा यंत्राकडे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला तेव्हा बाहेरची पेटी दोन वेळा बंद पडली. सावली झाल्यावर आपोआप सुरू झाली. वीज गेली की सगळेच बंद होते, म्हणून त्याची जोडणी इन्व्हर्टरवर घ्यावी लागली आणि त्याचे सहाशे रुपये वेगळे गेले. बेलचे बटण जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे आले होते तेव्हा, अडकू लागले. कंपनीच्या माणसाला चार वेळा फोन केल्यावर तो अकराव्या दिवशी आला. वॉरंटी दोन वर्षांची असली तरी ती घ्यायला इतका पाठपुरावा करावा लागणे मला पटलेले नाही.

तरीही घरात एकटे वडीलधारे माणूस असेल तर हे यंत्र जरूर घ्यावे. सासूबाईंना आता दार उघडण्यापूर्वी चेहरा दिसतो, अनोळखी पुरुष असेल तर त्या दार उघडत नाहीत, आणि मला बँकेत शांतपणे काम करता येते. दाराला जाळीचा दुसरा दरवाजा आणि त्यात छोटी खिडकी नसेल, तर यंत्राच्या आधी ती करून घ्या. तिचा खर्च वायफायच्या जोडणीवर होणाऱ्या जादा खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडेल. भरलेला निरोप आपोआप वाजवण्याची सोय घेतल्या दिवशीच बंद करा. सेटिंगमध्ये ती तिसऱ्या पानावर, बेलच्या आवाजाच्या खाली आहे. माघ सुरू झाल्यावर जंगम स्वामी पुन्हा आले, तेव्हा सासूबाईंनी स्क्रीनवर त्यांना पाहून आतूनच ‘आले, स्वामी, थांबा’ असे म्हटले. तो आवाज बाहेर अगदी स्वच्छ ऐकू गेला आणि त्या सूप घेऊन दारापर्यंत पोहोचेपर्यंत ते तुळशीपाशी थांबून राहिले.