पार्किन्सन्समधल्या चालण्यासाठी मेट्रोनोम: काही महिन्यांच्या वापरानंतर

पार्किन्सन्समध्ये पावलं आखूड पडतात, पाय घासत जातात, आणि दारात किंवा वळताना जागीच थबकतात. ठरावीक लयीचा ठोका (तो देणारं यंत्र किंवा ॲप म्हणजे मेट्रोनोम) कानावर पडत असला की बऱ्याच जणांची हीच पावलं सुधारतात. आपसूक होणाऱ्या हालचालींची लय सांभाळणारा मेंदूतला भाग या आजारात कमजोर झालेला असतो, आणि बाहेरचा ठोका ती उणीव दुसऱ्या वाटेने भरून काढतो. १९९६ साली संशोधक मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांकडून तीन आठवडे घरच्या घरी ठोक्यावर चालण्याचा सराव करून घेतला. त्यांचा चालण्याचा वेग २५ टक्के आणि ढांगेची लांबी १२ टक्के वाढली; ठोक्याशिवाय तसाच सराव करणाऱ्यांपेक्षा ही वाढ बरीच जास्त होती.

फोनमधलं फुकटचं ॲप, कॉलरला अडकवायचा क्लिप मेट्रोनोम, तबल्याचं ॲप आणि नुसती गाणी, असं सगळं वापरून झालं आहे. आमचं मत सरळ आहे: यंत्रावर फार पैसे घालू नका, मोजमापावर वेळ घाला.

आधी ठोक्याशिवाय मोजा. सपाट जागेत १० मीटरवर दोन चिकटपट्ट्या लावा. दोन्ही टोकांना आणखी दोन-दोन मीटर मोकळे हवेत, नाहीतर सुरुवातीची आणि थांबण्याची अडखळती पावलं हिशेबात येतात. समजा दोन पट्ट्यांमध्ये २४ पावलं पडली आणि १४ सेकंद लागले. २४ भागिले १४ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला साधारण १०३ पावलं. पहिला आठवडाभर ठोका १०३ वरच ठेवा. मग ५ टक्के वाढवून १०८, जमलं तर ११३.

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. ठोका वाढवला, माणूस भराभर चालायला लागला, घरचे खूश! पण त्याच १० मीटरमध्ये २४ ऐवजी २७ पावलं पडत असतील तर ती सुधारणा नव्हे. पाय नुसते घाईत पडतायत, ढांग आखूड होतेय, आणि तोल पुढे जाऊन पडायची भीती वाढतेय. अशा वेळी मूळ आकड्यावर परत या. वारंवार थबकणाऱ्यांना तर कधी मूळ आकड्यापेक्षा थोडा संथ ठोकाच मानवतो. दर आठवड्याला पावलं मोजून वहीत लिहा. ती कमी होत असतील तरच पुढची पायरी.

आवाज लाकडी ‘टक’ असा निवडा. बारीक ‘पीं’ ज्येष्ठांना नीट ऐकू येत नाही आणि वैतागही आणतो. फोन खिशात गेला की आवाज दबतो, म्हणून क्लिप मेट्रोनोम सोयीचा, पण तो रस्त्यावर पुरत नाही. ॲपची खरी कटकट वेगळीच आहे: बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळे स्क्रीन बंद झाली की फोन ॲप मध्येच बंद करतो, आणि ठोका तुटला की पाऊलही अडतं. ते सेटिंग त्या ॲपपुरतं काढून टाका. ब्लूटूथमुळे आवाज उशिरा येतो ही तक्रार इथे लागू नाही. सगळेच ठोके सारख्या उशिराने येतात, त्यामुळे लय बिघडत नाही. मात्र बाहेर एकच इयरफोन लावा आणि गोंगाट कापणारं सेटिंग बंद ठेवा. मागून येणारी रिक्षा ऐकू यायला हवी.

तबल्याच्या ॲपवर लोकांचा जीव जास्त. मजा येते हे खरं, पण ताल जपून निवडावा. तीनतालात खालीला (तालाच्या टाळी नसलेल्या भागात) डग्गा, म्हणजे जोडीतला घुमणारा मोठा तबला, गप्प होतो, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यावर पाय टाकणारा नेमका तिथेच डळमळतो. भजनी ठेक्यात मधल्या मात्रा मोकळ्या सुटतात, तो चालायला नकोच. दादरा सगळ्यात बरा: सहा मात्रा, जोर पहिलीवर आणि चौथीवर, म्हणजे एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. केरव्यात जोराच्या मात्रा, पहिली आणि पाचवी, एकाच पायावर येतात, त्यामुळे सगळा जोर त्याच पायाला मिळतो. शिवाय केरवा १०३ वर लावला तर रेंगाळतो. २०६ वर लावून एक मात्रा सोडून एक पाऊल टाकावं. गाण्यांचं म्हणाल तर टॅप टेम्पोवर (बोटाच्या ठोक्यांवरून लय मोजणारी ॲपमधली सोय) बोट मारून लय आधी तपासा. जुन्या मैफिलींच्या आणि आरत्यांच्या ध्वनिफितींत लय हळूहळू चढत जाते, तशी गाणी बाद.

सराव पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चालू असतानाच करावा. रोज अर्धा तास पुरतो, सलग जमत नसेल तर तीन तुकडे करा. त्या वेळात सोबत्याने गप्पा मारू नयेत, बोलणं सुरू झालं की पाऊल आखडतं. हात धरून ओढूही नये; कमरेला पट्टा बांधून किंचित मागे, बाजूला चालावं. पाय थबकलेच तर ठोका चालू ठेवून आधी उभं राहायचं, चार ठोके वजन डावीकडे-उजवीकडे टाकायचं आणि पाचव्याला मोठं पाऊल. वळताना गिरकी नको. अर्धवर्तुळ घेऊन सहा-आठ ठोक्यांत वळावं.

कंप, बोलण्याचा आवाज, गिळणं यांत या प्रकाराने काही फरक पडत नाही, आणि गोळीच्या वेळा तर जराही हलवायच्या नाहीत. सराव सोडला की काही आठवड्यांत फायदा ओसरतो. एकट्याने कंटाळा येत असेल तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, नर्तक हृषीकेश पवार यांचे पार्किन्सन्ससाठीचे नृत्यवर्गही आहेत. वारंवार पडणाऱ्यांनी किंवा ठोका ऐकून गोंधळणाऱ्यांनी हे घरी सुरू करू नये. पहिले काही दिवस फिजिओसमोरच करावं, आकडाही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा.