ओल्ड कोर्स, सेंट अँड्र्यूज: गावाच्या गायरानावरचं गोल्फ

जगातलं अगदी जुनं, सर्वांत नावाजलेलं गोल्फचं मैदान म्हटल्यावर उंच भिंत, गणवेशातला दरवान आणि पिढीजात सभासद डोळ्यांसमोर येतात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूजमध्ये यातलं काहीच नाही. ओल्ड कोर्स हे गावाचं गायरान आहे. पहिल्या टीमागची, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमागची, करड्या दगडाची भारदस्त इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची आहे, मैदान क्लबचं नाही. 1974 च्या कायद्यानं नेमलेला लिंक्स ट्रस्ट इथली सगळी सार्वजनिक मैदानं चालवतो. आणि गावाचा हक्क त्याहून कितीतरी जुना. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टननं या वाळवंटी पट्ट्यावर ससे पाळायची परवानगी घेतली, तेव्हाच्या सनदेतही गावकऱ्यांचा इथं खेळण्याचा हक्क राखून ठेवलेला आहे. पुढं अठराव्या शतकाच्या शेवटी कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं ही जमीन ससेवाल्यांच्या हाती जाऊ दिली, तेव्हा गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं.

मी पुण्यात येरवड्याला खेळते. मुलगी डंडीला शिकते, तिथून सेंट अँड्र्यूज अगदी जवळ. त्यामुळे यंदाच्या मे महिन्यात इथं खेळण्याचा योग आला. एडिंबराहून येणाऱ्यांनी लूकर्स स्टेशनला उतरावं आणि तिथून बस घ्यावी. गावातली रेल्वे 1969 मध्येच बंद झाली.

आधी प्रवेशाचं सांगते, कारण सगळे तिथंच अडतात. आपल्याकडच्या एका टूरवाल्यानं मला ‘खात्रीच्या टी-टाइम’सकट (खेळायच्या पक्क्या वेळेसकट) पॅकेजची जी किंमत सांगितली, तेवढ्यात घरातल्या चौघांची अख्खी सहल झाली असती. तसं करायची गरज नाही. दोघं किंवा जास्त जण असाल तर बॅलट आहे: ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत ऑनलाइन नावं द्यायची, संध्याकाळपर्यंत सोडत निघते. एकटे असाल तर आदल्या दिवशी प्रत्यक्ष तिथं जाऊन एकेरी खेळाडूंच्या सोडतीत नाव नोंदवायचं. दोघा-तिघांच्या गटात जागा रिकामी असेल तिथं तुम्हाला बसवतात. पूर्वी या एकेरीवाल्यांना अंधारात येऊन रांगेत कुडकुडत बसावं लागायचं, ते आता संपलं, हे फार चांगलं झालं. हँडिकॅपचं, म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीचं, प्रमाणपत्र मात्र लागतंच. घरून निघतानाच क्लबच्या सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. हाताशी चार-पाच दिवस असू द्या आणि रोज नाव टाकत राहा. माझं नाव पहिल्या फटक्यात निघालं नाही. तो दिवस मी शेजारच्या न्यू कोर्सवर खेळले. नाव ‘न्यू’ असलं तरी ते मैदान 1895 चं आहे, आणि किनाऱ्याच्या जमिनीची सवय व्हायला त्याच्यासारखी शाळा नाही.

दुसऱ्या दिवशी दोन स्कॉटिश भाऊ आणि एक कॅनेडियन गृहस्थ अशा चौकडीत माझी वर्णी लागली. पहिला टी म्हणजे गावाचा चौकच. मागं कठड्याला टेकून लोक उभे, उजवीकडं समुद्रकिनाऱ्याकडं जाणारी बाबागाडीवाली जोडपी, आणि समोर पहिल्या आणि अठराव्या होलची मिळून एकच प्रचंड रुंद फेअरवे, म्हणजे होलकडं जाणारी आखूड गवताची पट्टी. तिला आडवा छेद देत ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा रस्ता जातो, त्यावरून माणसं समुद्राकडं चालत जातात. खेळाडू थांबतात, माणसं पलीकडं जातात, मग खेळ सुरू. तिथल्या कोणालाही यात वावगं वाटत नाही, आणि मला त्या मैदानाचं हेच सर्वांत जास्त आवडलं.

आता जमिनीबद्दल. आपल्याकडं पावसाळ्यात बॉल पडतो तिथंच रुततो. इथं सकाळी सर येऊन गेली होती आणि अकरा वाजता जमीन टणटणीत कोरडी. खाली निव्वळ वाळू, वर बारीक पात्याचं फेस्क्यू गवत, इतकं दाट आणि आखूड की गुडघ्यावर बसून बोट फिरवलं तर पातं वेगळं काढता येत नाही. त्यावर बॉल पडला की थांबायचं नाव घेत नाही. म्हणून पुण्यात आपण जो उंच, अलगद उतरणारा फटका शिकतो, तो इथं निरुपयोगी. वाऱ्यात तो कुठं जाईल सांगता येत नाही, आणि उतरला तरी घरंगळतो. बॉल खालून, जमिनीलगत पळवायचा. पाचव्या होलवर ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, चाळीस यार्ड अलीकडं मी सवयीनं वेज (बॉल उंच उडवणारी काठी) मागितली, तर काठ्या वाहणाऱ्या आणि वाट सांगणाऱ्या कॅडीनं न बोलता पटर (बॉल जमिनीवरून ढकलायची काठी) हातात दिला. मधे दोन उंचवटे, एक खळगा. तो म्हणाला, ‘झेंडा विसरा, त्या पिवळसर डागावरून जाऊ द्या.’ बॉल डागावरून गेला, उजवीकडं वळला, खळग्यात दिसेनासा झाला आणि पलीकडून वर येऊन होलपासून हातभर अंतरावर थांबला. इतक्या वर्षांच्या खेळात मारलेला तो माझा सर्वांत आवडता फटका आहे.

ग्रीन्सही आपल्या कल्पनेतल्या नाहीत. अठरापैकी चौदा होल्स सात जोडग्रीनवर आहेत आणि जोडीतल्या आकड्यांची बेरीज नेहमी अठरा: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, पाचवा-तेरावा. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. पाचवा आणि तेरावा यांची ग्रीन तर जवळजवळ एकरभर पसरलेली. इथलं गणित फार सुबक आहे. पूर्वी इथं बावीस होल्सची फेरी होती, 1764 मध्ये ती अठरावर आणली आणि पुढं सगळ्या जगानं तोच आकडा उचलला.

बंकर्स, म्हणजे वाळूचे खड्डे, शंभराहून जास्त. टीवरून त्यातले कितीतरी दिसतच नाहीत. याचं एक कारण असं की जुन्या काळी हे मैदान उलट्या दिशेनंही खेळलं जायचं आणि अनेक खड्डे त्या बाजूनं येणाऱ्याला समोर दिसतील असे आहेत. म्हणूनच सांगते, पैसे वाचवायचेच असतील तर हॉटेलात वाचवा, कॅडीत नाही. माझ्या कॅडीचा सगळा मंत्र एका शब्दात होता: ‘डावीकडं.’ जाताना उजव्या हाताला गॉर्सची काटेरी पिवळी झुडपं, येताना उजव्या हाताला हद्द. डावीकडं मारलं की बॉल सापडतो. पण डावीकडून ग्रीनकडं बघितलं की नेमका एखादा बंकर आड येतो. उजवीकडून, धोका पत्करून गेलेल्याला वाट मोकळी असते. प्रत्येक होल हा एकच प्रश्न नव्या शब्दांत विचारतो. मैदान दिसायला सपाट, साधं, जवळजवळ ओसाड वाटतं. त्याची हुशारी खेळायला लागल्यावरच कळते. 1921 मध्ये तरुण अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकून स्पर्धा अर्धवट सोडून गेला होता. तोच 1927 मध्ये इथं ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला आणि 1958 मध्ये गावानं त्याला सन्माननीय नागरिक केलं. आणि 2000 च्या ओपनमध्ये टायगर वुड्स चारही दिवसांत एकदाही बंकरमध्ये गेला नाही. तिथं खेळून आल्याशिवाय या गोष्टीचं मोल कळत नाही.

सतराव्याबद्दल सगळे बोलतात, आणि ते सगळं खरं आहे. टीवरून फेअरवे दिसत नाही; समोर हॉटेलच्या हिरव्या शेड, जुन्या रेल्वे शेडच्या आकाराच्या. कॅडी भिंतीवरच्या नावातल्या एका अक्षराकडं बोट दाखवतो आणि त्यावरून मारायला सांगतो. पलीकडं गेल्यावर अरुंद, तिरकी ग्रीन. तिच्या पोटात घुसलेला रोड बंकर तोंडानं लहान आहे, पण आजूबाजूची जमीन त्याच्याकडंच उतरते, त्यामुळे शेजारून जाणारा बॉलही आत ओढला जातो. 1978 च्या ओपनमध्ये जपानच्या नाकाजिमानं दोन फटक्यांत ग्रीन गाठली, पटरनं मारलेला बॉल गेला तो या बंकरमध्ये, आणि होल संपेपर्यंत नऊ झाले. ग्रीनच्या मागं डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. रस्त्यावर बॉल गेला तर तिथूनच खेळायचा, सवलत नाही. आमच्यातल्या धाकट्या भावानं रस्त्यावरून पटरनं बॉल वर चढवला, तेव्हा भिंतीपलीकडच्या वाटसरूंनी टाळ्या वाजवल्या.

अठराव्या होलवरच्या स्विल्कन या जुन्या दगडी पुलावर मात्र खोळंबा होतो. पुढच्या गटातला प्रत्येक जण फोटो काढतो, प्रत्येकाचा निराळा, मग सगळ्यांचा मिळून. मागं आम्ही ताटकळत. सबंध फेरीच संथ चालते. साडेचार तास धरूनच चला. पुलाबद्दल गावाची माया किती, ते 2023 मध्ये दिसलं. पुलाच्या तोंडाशी दगडी फरशी बसवली, लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांत ती उखडून पुन्हा हिरवळ लावली. गावानं हे करून घेतलं याचा मला मनापासून आनंद झाला.

एक गोष्ट मला बाई म्हणून बोचते आणि ती लिहायलाच हवी. मैदान सगळ्यांचं असलं तरी समोरच्या त्या क्लबनं बायकांना सभासद करून घ्यायला 2014 उजाडावं लागलं. त्याआधी 2007 मध्ये बायकांची ओपन इथं पहिल्यांदा झाली, 2024 मध्ये न्यूझीलंडची लिडिया को इथंच जिंकली. पण या गावातल्या बायका कोणाची वाट बघत बसल्या नव्हत्या. खांद्याच्या वर काठी उचलणं बाईला शोभत नाही असं मानायच्या काळात, 1867 मध्ये, त्यांनी स्वतःचा पटिंग क्लब काढला. तो आजही चालू आहे. त्यांच्या उंचसखल हिरवळीला ‘हिमालयाज’ म्हणतात. चार-दोन पौंडांत पटर आणि बॉल मिळतो, कोणीही खेळावं. माझ्या मुलीनं आयुष्यात कधी काठी धरली नव्हती. तिनं आणि मी तिथं फेरी मारली आणि तिला निघवेना.

खर्च: ऐन हंगामात ओल्ड कोर्सची फी तीनशे पौंडांच्या वर आहे, कॅडी आणि त्याची बक्षिसी वेगळी. रक्कम मोठी आहे, तरी मी ती पुन्हा देईन. हिवाळ्यात फी बरीच उतरते, पण तेव्हा फेअरवेवर लहान चटईवरून खेळावं लागतं. त्या जमिनीसाठीच जायचं असेल तर हिवाळा टाळा. बग्गी मिळत नाही, चालायची तयारी हवी. मे महिन्यातही वारा-पावसाचं जाकीट आणि कानटोपी घ्या.

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो, आणि तोच दिवस न खेळणाऱ्या मंडळींना तिथं न्यायचा. फेअरवेवर कुत्री पळत असतात, मुलं पतंग उडवतात, रोड बंकरमध्ये कोणीही उतरून बघू शकतं, तिकीट वगैरे काही नाही. आम्ही सोळाव्यापर्यंत चालत गेलो. 2027 च्या जुलैमध्ये ओपन पुन्हा इथं येतेय. त्या उन्हाळ्यात मैदान आधीपासून स्पर्धेसाठी बंद राहील, तेव्हा जायचं तर त्याआधीचा मे किंवा सप्टेंबर गाठा.