केलेआउट: एका सेलमधून दहा लाख आकृत्या

चिपच्या मांडणीत तीच आकृती हजारो वेळा येते, आणि ती हाताने चिकटवत बसण्यापेक्षा स्क्रिप्टने मांडता यावी म्हणून मी केलेआउट वापरू लागलो. माथियास कोफरलाइन यांनी विकसित केलेले, चिपची मांडणी पाहण्याचे आणि काढण्याचे हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालते, आणि त्यासाठी रूबी किंवा पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिता येते.

त्याचे खरे बळ सेलच्या, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या आकृतिसंचांच्या, उतरंडीत आहे. व्हायाचा, म्हणजे चिपच्या दोन थरांना जोडणाऱ्या उभ्या जोडाचा, एक चौकोन एका सेलमध्ये काढून त्या सेलची हजार ओळी आणि हजार स्तंभांची एकच ॲरे (समान अंतरावरची जाळी) वरच्या सेलमध्ये ठेवली, तर जीडीएस या मांडणी साठवण्याच्या प्रकारच्या फाइलमध्ये त्या ॲरेची नोंद जेमतेम पन्नासेक बाइटची होते. तेच दहा लाख चौकोन सुटे लिहिले, तर प्रत्येकी 64 बाइटप्रमाणे फाइल 6 कोटी 40 लाख बाइटवर जाते. शिवाय व्हायाचे माप बदलले, की मूळ सेलमध्ये एकदाच दुरुस्ती करावी लागते.

अंतराच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. फाइलमधील मापे एककाच्या पूर्ण पटीतच लिहिली जातात, त्यामुळे एकक 1 नॅनोमीटर असताना ॲरेतील अंतर 250.5 नॅनोमीटर ठेवता येत नाही. ते 251 झाले, तर हजाराव्या स्तंभापर्यंत चूक साचत जाऊन जवळपास अर्ध्या मायक्रॉनवर पोहोचते. अशा वेळी दोन आकृत्या असलेला मधल्या पातळीचा एक सेल करून तो 501 नॅनोमीटरवर मांडावा, म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरची तफावत प्रत्येक जोडीतच राहते, पुढे वाढत नाही. उतरंड केवळ फाइल लहान ठेवण्यासाठी नसते, हे मला या उदाहरणावरून पटले.

रुंदी, संख्या अशी मापे देऊन आकार बदलणारे सेल, म्हणजेच पीसेलही, यात स्क्रिप्टने लिहिता येतात. पण ते ज्या लायब्ररीत आहेत ती समोरच्याकडे नसेल, तर त्याला केवळ गोठलेली, मापे बदलता न येणारी आकृती मिळते, त्यामुळे फाइलबरोबर स्क्रिप्टही पाठवावी.

एफ5 दाबताच उघडणाऱ्या मॅक्रो संपादकात (स्क्रिप्ट लिहिण्याच्या खिडकीत) ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबे, लावून स्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने तपासता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. नवख्याला मात्र पूर्णांकी आणि मायक्रॉनमधील निर्देशकांचे वेगवेगळे वर्ग सुरुवातीला गोंधळात टाकतात. एका स्क्रिप्टमध्ये शक्यतो एकच प्रकार वापरावा. ज्यांच्या मांडणीत पुनरावृत्ती आहे, त्या विद्यार्थ्यांनी आणि अभियंत्यांनी हे साधन निःशंकपणे हाती घ्यावे.