पीएमईजीपी: मसाला उद्योगासाठी घेतलेल्या कर्जाचा अनुभव

नागपुरात सावजी मसाला आणि सांडगे तयार करण्याचा लघुउद्योग उभारताना मी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, म्हणजेच पीएमईजीपीचा, आधार घेतला. योजना महिलांच्या सोयीची आहे, असे माझे मत आहे. मात्र तिच्यातील अनुदान या शब्दाने अनेकींची फसगत होते.

या योजनेत महिला, प्रवर्ग कोणताही असो, विशेष गटात धरल्या जातात. त्यामुळे स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के भरावा लागतो आणि अनुदान शहरी भागात २५, तर ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. माझा प्रकल्प ८ लाखांचा होता. मी ४० हजार घातले, उरलेले ७ लाख ६० हजार बँकेने दिले आणि अनुदान २ लाख ठरले. हाच उद्योग माहेरच्या गावी काढला असता, तर ते २ लाख ८० हजार झाले असते. परंतु माझे गिऱ्हाईक नागपूरच्या इतवारी आणि बर्डी या बाजारपेठांत असल्याने रोजची ने-आण परवडली नसती.

ही २ लाखांची रक्कम आपल्या हाती कधीच येत नाही. ती बँकेतच आपल्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी, उद्योग चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर, ती कर्जखात्यात जमा होऊन तेवढे कर्ज कमी होते. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी याच रकमेच्या भरवशावर कच्च्या मालाची उधारी करून ठेवली आणि पहिल्याच हंगामात मिरची-धण्याचे पैसे चुकवताना त्यांच्या नाकी नऊ आले. खेळते भांडवल प्रकल्प अहवालातच पुरेसे दाखवावे. पल्व्हरायझर (मसाला दळण्याचे यंत्र) आणि पॅकिंग यंत्राची कोटेशने जोडण्याच्या गडबडीत नेमके तेच राहून जाते.

योजनेतले उद्योजकता प्रशिक्षण उपयुक्त होते, विशेषतः किंमत ठरवण्याचा भाग. तोवर मी स्वतःची मजुरी खर्चात धरतच नव्हते! बँकेचा अनुभव मात्र कटू होता. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा दंडक असताना पहिल्या शाखेने घराचे कागद मागितले आणि यजमानांना सोबत आणण्यास सांगितले. तारणाशिवाय कर्ज का देत नाही, याचे कारण मी लेखी मागितल्यावर दोन आठवड्यांत त्याच शाखेने तारणाविना कर्ज मंजूर केले.

अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. उद्यम नोंदणीलाही, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीलाही, शुल्क नाही आणि खाद्यपदार्थांच्या प्राथमिक नोंदणीसाठी मला वर्षाला १०० रुपये पडले. या तिन्ही कामांसाठी एका मध्यस्थाने माझ्याकडे १५ हजार मागितले होते.