ट्रकला चिप बसवताना: बॉक्स की रिमॅप?

अंबड औद्योगिक वसाहतीतून भिवंडीला माल नेणे आणि तिकडच्या गोदामांतून भरून नाशिकला परतणे, हा आमच्या सतरा फुटी, सहा चाकी गाडीचा ठरलेला क्रम आहे. या मार्गावर कसारा घाट जाताना उतरायचा आणि येताना चढायचा असतो, त्यामुळे इंजिनाची खरी परीक्षा परतीच्या भरलेल्या फेरीत होते. गाडी बीएस-४ या प्रदूषण मानकाची, कॉमन रेल इंजिनाची (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते) आणि वॉरंटी संपलेली आहे. चढाला ओढ वाढावी म्हणून तिला मी आधी जवळजवळ एक वर्ष बाहेरून जोडायचा ट्यूनिंग बॉक्स लावला आणि नंतर तो काढून ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, रिमॅपिंग (आतल्या सूचना बदलणे) करून घेतले. बोलीत दोन्हींना चिप बसवणे म्हणतात. ज्यांचे मन या दोन पर्यायांत अडकले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतील दोष तपासायच्या जोडणीत) खोचायच्या, ॲव्हरेज वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या स्वस्त डब्या मी या तुलनेत धरलेल्या नाहीत. तशी एक डबी मी उघडून पाहिली होती आणि तिच्यात दिवे लावण्यापलीकडे काही सोय आढळली नाही.

दोन्ही पर्याय शेवटी इंजिनात थोडे अधिक डिझेल पोहोचवतात, पण त्यांची रीत वेगळी आहे. बॉक्स रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी दाब असल्याचे ईसीयूला कळवतो. ईसीयू ती उणीव भरून काढण्यासाठी दाब वाढवतो आणि इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहूनही जास्त डिझेल सोडतो. रिमॅपमध्ये ईसीयूची मूळ फाइल वाचून तिच्यातील डिझेलचे प्रमाण, इंजेक्शनची वेळ, टॉर्कची मर्यादा आणि धुराला आवर घालणारे तक्ते एकमेकांना धरून बदलता येतात. टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) नियंत्रण ईसीयूकडे असेल तर हवेचा दाबही बदलता येतो. टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, पूर्णपणे यांत्रिक असेल तर मात्र त्या बाबतीत रिमॅपलाही फारसे काही करता येत नाही.

घाटात फरक दोन्हींनी पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पूर्वी ज्या वळणांवर दुसरा गियर टाकावाच लागे, तिथे गाडी तिसऱ्यावर निघू लागली. नुसता ओढीचा विचार केला तर बॉक्स आणि रिमॅप यांच्यातला फरक मला डोळे मिटून सांगता आला नसता. धुराचा फरक मात्र दिसत होता. बॉक्सने डिझेल वाढवले, हवा होती तेवढीच राहिली, त्यामुळे ॲक्सिलरेटर एकदम दाबला की काळा धूर निघत असे, आणि तो धूर म्हणजे ओढीच्या कामी न आलेले डिझेलच होते. रिमॅपनंतर तो पुष्कळ कमी झाला, अर्थात मी सौम्य फाइल टाकून घेतली होती, हेही ध्यानात घ्यावे.

माझ्यापुरता निर्णय ज्या गोष्टीने झाला, ती घाटातली नव्हती, हिशेबातली होती. ईसीयू डिझेल मापाने मोजत नाही. रेलमध्ये दाब किती आणि इंजेक्टर किती वेळ उघडा होता, यावरून तो खर्चाचे गणित मांडतो. दाबच खोटा कळवला की गणितही खोटे येते. बॉक्स लागल्यापासून डॅशबोर्डवर लिटरला ७.४ किलोमीटर दिसू लागले आणि मला आनंद झाला, पण पंपाच्या पावत्यांवरून हिशेब ६.९ च्या आसपासच येत राहिला. महिन्याच्या साडेपाच हजार किलोमीटरवर ही तफावत पन्नास-पंचावन्न लिटरची होते. या धंद्यात एवढ्या डिझेलचा हिशेब लागला नाही की मालकाची नजर पहिल्यांदा कुठे जाते, हे सांगायला नको. माझीही तिथेच गेली. नऊ वर्षे गाडी सांभाळणाऱ्या चालकांना मी दोन महिने फिरवून फिरवून प्रश्न विचारले. शेवटी ते म्हणाले, “शेठ, टाकी तुम्हीच फुल करा, गाडीत तुम्ही बसा आणि परत आल्यावर तुम्हीच फुल करा.” मी तसे केले. पडद्यावर ७.४ होते, टाकी ते टाकी ६.९ आले, आणि बॉक्स काढून केलेल्या पुढच्या फेरीत दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. मी त्यांची क्षमा मागितली. बॉक्स पुन्हा लावला नाही.

कुणाला ही अडचण किरकोळ वाटू शकते, आणि जे स्वतःच गाडी चालवतात त्यांच्यासाठी ती कदाचित असेलही. शिवाय बॉक्सची सोय मोठी आहे: दोन कनेक्टर सोडवले की गाडी पूर्ववत होते. रिमॅपचे तसे नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये ईसीयूचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले की आपली फाइल पुसली जाते, आणि फाइल लिहिणारा जाणकार नसेल तर एक्झॉस्टचे तापमान वाढून टर्बो आणि पिस्टन दोन्ही धोक्यात येतात. रिमॅपनंतर टाकी ते टाकी माझा आकडा ७.१ पर्यंत गेला. ही वाढ फार नाही, आणि तिच्यात चालकाच्या शांत पायाचा वाटा किती, हे मी वेगळे काढू शकत नाही. पण पडदा आणि पावती यांच्यात आता भांडण नाही.

जे कोणतीही चिप बदलू शकत नाही, त्याची यादी मोठी आहे आणि ती पैसे देण्याआधी विचारात घ्यावी. गियर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर तेच राहते. क्लच प्लेट जुनी असेल तर वाढलेला टॉर्क चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी तिलाच जाळतो. रेडिएटर मोठा होत नाही. भरलेली गाडी उतारावर रोखण्यात चिपचा काडीचाही उपयोग नाही. तिथे योग्य गियर, एक्झॉस्ट ब्रेक आणि नीट असलेले ब्रेक लायनर हेच लागतात. चढाला जोर आला म्हणून भार वाढवणाऱ्यांनी निदान हा उतार आठवावा. इंजिनातील दोषही चिपने झाकले जात नाहीत. आमच्या गाडीच्या इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होज पाइपला बारीक चीर होती, ती रिमॅपच्या आधीच्या तपासणीत सापडली, आणि केवळ तो पाइप बदलल्यावर गाडीत जो जीव आला, तो पाहून मी रिमॅप पुढे ढकलण्याच्या बेतात होतो. म्हणून आधी एअर फिल्टर, होज, इंजेक्टर आणि टायरमधील हवा तपासावी. काहींचे काम तिथेच भागेल.

बीएस-६ गाडीवाल्यांना मी दोन्ही पर्याय सुचवणार नाही. जास्त काजळी झाली की डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरतो, नॉक्स सेन्सरला (धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या) वेगळे जाणवले की ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो, आणि यावर ‘डीपीएफ बंद करून देतो’ असे सांगणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. ती काजळी शेवटी आपल्याच रस्त्यांवरच्या माणसांच्या छातीत जाते. जुन्या गाडीबाबतही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचून घ्यावे, कारण नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे पडतील असा फेरफार त्यात मना आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीने प्रश्न विचारण्यापेक्षा आपण आधी विचारलेले बरे.

एवढे पाहूनही चिपच बसवायची ठरली, तर माझा कल सौम्य रिमॅपकडे आहे. फाइल टाकण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत मागून घ्यावी आणि ती देत नसेल त्याच्याकडून काम करून घेऊ नये. माझी प्रत पेन ड्राइव्हमध्ये, डिझेलच्या पावत्यांच्या फाइलमध्येच ठेवलेली आहे, आणि ती फाइल आता चालकांच्या ताब्यात असते.