डब्यातले मित्र, फोन, ओपीडी की खासगी समुपदेशक? दमलेल्या आईबापांसाठी एक तुलना

पाढ्यांवरून मुलीवर इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकूंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. चाळ सोडून ब्लॉकमध्ये आलो, पण भिंती पातळच. डोकं पाढ्यांमुळे फिरलेलं नव्हतं, हे त्या रात्री बायकोकडे कबूल केलं. मग कुणाकडे जायचं याचा शोध सुरू झाला, आणि मुंबईत त्याच्याही आधीचा प्रश्न आडवा आला: बोलायचं कुठे बसून? हॉलमध्ये आई, आत मुलगी, उरलं बाथरूम. म्हणून पैसे आणि वेळ यांच्या जोडीला मी तिसरा रकाना धरला: आणखी कोण ऐकतंय?

लोकलच्या डब्यातला ग्रुप रोजचा आणि फुकटचा. बायको सांगते, लेडीज डब्यात सासूपासून गर्भपातापर्यंत सगळं बोललं जातं. आमच्या डब्यात शेअर बाजार. धीर करून विषय काढला तर, "एवढं मनाला लावून घेऊ नको रे." नुसती दमणूक असेल तर तेवढ्यानेही बरं वाटतं, नाकारत नाही. पण पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडत असेल, तर ग्रुप पुरत नाही.

फोनचा पर्याय म्हणजे टेली मानस, क्रमांक 14416. केंद्र सरकारची ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीतही. मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून फोन केला. शेजारी क्रिकेटची आरडाओरड चालू होती, त्यामुळे कुणाचंही लक्ष नव्हतं. नाव सांगायचं दडपण नाही, रजा नको. उणीव एवढीच की दर वेळी तीच व्यक्ती भेटेल असं नाही, मग कहाणी पहिल्यापासून. सुरुवात करायला उत्तम, महिनोन्‌महिने त्यावरच विसंबू नये.

खरी तुलना पुढच्या दोघांत आहे. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. केसपेपरचा खर्च किरकोळ, डॉक्टर औषध लिहून देऊ शकतात. मोजावा लागतो तो वेळ: सकाळची रांग, म्हणजे निदान अर्धी रजा. ही शिकवणारी रुग्णालयं, त्यामुळे आधी निवासी डॉक्टर माहिती लिहून घेतात, कधी खोलीत विद्यार्थीही असतात. एकांत नाही. पण ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ही धास्ती फुकाची. भेटलाच, तर तोही त्याच रांगेत उभा असतो.

खासगी समुपदेशकाकडे दार बंद होतं, तेच माणूस दर वेळी ऐकतं, संध्याकाळची किंवा रविवारची वेळ मिळते. पाऊण-एक तासाचे साधारण हजार ते अडीच हजार, काही ठिकाणी जास्तच. 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांचं खास प्रशिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ) असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. विचारायला लाजू नका, आपण मिक्सर घेतानाही गॅरंटी विचारतो. समुपदेशक औषध देत नाहीत, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. विम्याच्या भरवशावर मात्र राहू नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलंय, पण बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात.

ऑनलाइन सेशनचं थोडक्यात: दार लावता येणारी खोली असेल तर घ्या. माझा एक सहकारी सोसायटीत उभ्या गाडीत बसून बोलतो, वॉचमनला वाटतं ऑफिसची मीटिंग आहे.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडालीय, कशातच रस नाही, किंवा मुलावर हात उचलला जाईल अशी भीती वाटते, तर सरळ डॉक्टर गाठा, ओपीडी चालेल. औषधाचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायचं नाही. बाळंतपणानंतरचं रडू पहिले दोन आठवडे खूप जणींना येतं. त्यापुढे रेंगाळलं तर डॉक्टरांना सांगा, अंगावर पाजत असाल तर तेही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर तुलना बाजूला ठेवा: आत्ता 14416, किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. राग ठरावीक प्रसंगीच उसळत असेल, बाकी गाडी रुळावर असेल, तर समुपदेशक.

मी आधी ओपीडीत गेलो. औषध लागणार नाही असं तिथे कळल्यावर दादरला एका समुपदेशकाकडे जाऊ लागलो, एक शनिवार सोडून एक. मुलीला सांभाळायला बायको घरी. तिसऱ्या खेपेनंतर परतलो तर ती पर्स अडकवूनच दारात उभी होती. "मधले शनिवार माझे," म्हणाली.