मंकी आयलंड: जुना खेळावा की नवा?

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा चाच्यांचा जुना कॉम्प्युटर गेम पहिल्यांदाच खेळणार असाल, तर फार डोकं लावू नका, 2009ची स्पेशल एडिशन घ्या. चित्रं नव्याने रंगवलेली, पात्रांना आवाज, अडलात तर हिंटचं बटण. नायक गायब्रशचे केस तेवढे बघवत नाहीत.

लहानपणी खेळला असाल, तर गोष्ट वेगळी. पीसीवर एफ-10 दाबलं की नवा खेळ जुन्या रूपात दिसतो, असं दुकानदारी थाटात सांगतात. दिसतो, पण तो 256 रंगांचा. नौपाड्यात मावसभावाच्या जुन्या 386 कॉम्प्युटरवर आम्ही पाहिलेला 1990चा खेळ 16 रंगांचा होता: निळी रात्र आणि खाली बारा क्रियापदं, त्यांवर क्लिक करून गायब्रशला काय करायचं ते सांगायचं. उघड, ढकल, उचल, दे. माऊस एकाच्या हातात, बाकीचे मागून ओरडणार, ''अरे, ती कोंबडी लाव ना तारेला!'' पोटात कप्पी असलेली ती रबरी कोंबडी तारेला अडकवून पलीकडच्या बेटावर जायचं असतं, हे कळेपर्यंत मे महिना सरला. हिंट असती तर पाच मिनिटांत उरकलं असतं. मुलांना देणार असाल तर त्या बटणाबद्दल बोलूच नका.

खेळाची नक्कल कोणी करू नये म्हणून तो सुरू करायला कागदी चकती लागायची. आमच्याकडे तिची झेरॉक्स, मधोमध टाचणी. चकती फिरवून पडद्यावरच्या चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि खिडकीतलं साल टाईप करायचं. झेरॉक्समध्ये सगळे दाढीवाले सारखेच काळे. नव्या आवृत्तीत ही कटकट नाही.

तलवारबाजी मात्र दोन्हींत तीच, आणि खेळाचा खरा जीव तीच आहे. हात चालवून नाही, टोमणा मारून जिंकायचं. आधी हरत हरत टोमणे आणि उत्तरं गोळा करायची. मग तलवारीची उस्ताद कार्ला वेगळेच टोमणे टाकते आणि जुनी उत्तरं नव्याने जुळवावी लागतात. इथे आवाज असलेली आवृत्ती सरस. नव्यात क्रियापदं वेगळ्या मेनूत दडवली आहेत, ते मात्र हाताला जाचतं.

जुन्या फ्लॉपीतल्या फाइल्स शिल्लक असतील तर असे जुने खेळ चालवणारं स्कमव्हीएम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, अँड्रॉइड फोनवरही चालतं. संवाद पडद्यावर येतात, त्यामुळे ठाणे-वाशी लोकलमध्ये हेडफोनचीही गरज नाही. फक्त बोट जाड असेल तर क्रियापदं नेमकी दाबताना वैताग येतो.